लग्न खरं असल्याचा पुरावा

४ फेब्रुवारी

व्हिसाची फाईल परत! लग्नाचा दाखला दिला, फोटो दिले, नवऱ्याच्या नोकरीचे कागद दिले — पुरत नाही म्हणे. नवरा-बायकोत 'नियमित संवाद' आहे हे दाखवा. म्हणजे आम्ही फोनवर एकमेकांना जे लिहितो ते. छापून आणायचं, भाषांतर करून घ्यायचं, वर शिक्का. आणि निवडून नाही द्यायचं — दर वर्षातला एक अख्खा महिना, मधलं काही न गाळता.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. हळू आवाजात म्हणाली, 'मूलबाळ असतं ना, तर एवढं मागितलं नसतं.' मी मान डोलावली, 'बरं' म्हणाले. जसं काही फोटो विसरावा तसं मूल घरी विसरून आले! लग्नानंतर चार महिन्यांत हा तिकडे गोदामात कामाला गेला. चौथं वर्ष लागेल आता. फोनवरून मुलं होत असती तर एव्हाना बालवाडी काढली असती मी.

मला जायचंय. बाहेर विचारलं कुणी तर 'बघू, कागद झाले तर' असं तोंडदेखलं बोलते. पण मला जायचंय. एका छताखाली राहायचंय. त्याने पसरलेले कपडे उचलताना ओरडायचंय. फोनमधला नवरा पुरे झाला.

६ फेब्रुवारी

शिलाईच्या दुकानाला सुट्टी. सकाळपासून फोन घेऊन बसले महिने शोधायला.

काय हे! हाच का आमचा संसार?

'पोचलास?' 'हो.' 'जेवलास?' 'हो.' 'आईंचं औषध आणलं.' 'हं.' आणि मग माझे निबंध. एकूण एक सासूबाईंवर. 'इन्स्पेक्टरने आज परत डबे तपासले.' 'इन्स्पेक्टर म्हणते मी गॅस मोठा ठेवते.' 'इन्स्पेक्टरने साखर लपवली आणि मला पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडलं.' पानंच्या पानं! त्यावर याचं 'हं'. कधी 'बघू'. कधी नुसताच अंगठा.

एक महिना धड सापडेना. ज्यात भांडण कमी त्यात बोलणंच कमी. प्रेमाचं म्हणावं असं एक मिळालं — 'थंडी वाढलीय म्हणे तिकडे, स्वेटर घाल.' तेही मीच लिहिलेलं. त्यालाही अंगठा.

त्यातल्या त्यात बरे तीन महिने काढले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मी ती मूठ शिक्का मारून उघडायला निघालेय.

७ फेब्रुवारी

झेरॉक्सवाल्याने छापून दिलं. वाचलं नाही त्याने, पण गठ्ठा हातात देताना हसला. का हसला? नुसताही हसला असेल. चोराच्या मनात चांदणं!

९ फेब्रुवारी

भाषांतराच्या बाईंकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानावरच, लोखंडी जिन्याने वर. एक खोली, मध्ये प्लायवूडचं अर्धं पार्टिशन. अलीकडे बाकडं, पलीकडे बाई. बाकड्यावर माझ्याखेरीज तिघं बसलेली.

बाईंची पद्धत अशी — आधी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, आपण 'बरोबर' म्हणायचं, पानाच्या कोपऱ्यात सही करायची. मग भाषांतर. मी म्हटलं, हळू वाचलं तर चालेल का? तर म्हणाल्या, 'हळू वाचलं की ओळ सुटते. आणि सुटली की ऑफिसवाले माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही.' झालं! बातम्या दिल्यासारखा आवाज. 'पोचलास. हो. जेवलास. हो.' मी आपली बरोबर, बरोबर.

तिसऱ्या पानावर थांबल्या. 'हे इन्स्पेक्टर कोण?'

मी पान जवळ ओढून बघितलं.

'पोलिसांची काही भानगड असेल तर आत्ताच सांगा. त्याला वेगळा कागद लागतो.'

'नाही, नाही. भानगड नाही.'

'मग हे घरी येऊन डबे का तपासतात?'

म्हटलं, 'सासूबाई आहेत त्या.' पार्टिशनच्या अलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. पेन्सिलीने समासात लिहिलं — सासू. आणि पुढे वाचायला लागल्या. साखरेचं वाचलं. 'तुझी आई मेली तरी माझ्यात खोट काढायला परत येईल' — हेसुद्धा वाचलं! त्या आवाजात! मी 'बरोबर' म्हटलं आणि सही केली. दुसरं काय करणार. माझेच शब्द, माझीच जीभ.

बाहेर पडताना बाकड्यावरच्या एका आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्याही कुणाच्या तरी सासूबाई असणार.

१० फेब्रुवारी

सासूबाईंनी चहा दिला हातात. पाठ फिरवून प्यायले.

१२ फेब्रुवारी

बाईंचा फोन. तीन महिन्यांचं भाषांतर झालं, या वर्षातला एक महिना राहिला. 'तुमच्या फायलीत माणसं आहेत तीन,' म्हणाल्या, 'आणि संसार चाललाय तुमचा आणि सासूचा. नवरा मध्येच डोकावतो. या वर्षीचा महिना जरा बघून द्या.' बघून द्या म्हणजे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

याला सांगितलं. म्हणाला, मीही इथल्या एजंटला विचारलं, तो म्हणतो हाच महिना द्या, उरलेले दिवस भरून काढा. रोज गोड लिहायचं. मीही लिहितो, तूही लिही.

'गोड म्हणजे काय लिहू?'

'मला काय माहीत. बायका लिहितात तसं.'

दोघंही हसलो. एकत्र हसलो असं पुष्कळ दिवसांनी झालं.

१५ फेब्रुवारी

आला! दुकानात काज करत होते तेव्हा. 'तुझ्याविना इथला प्रत्येक श्वास परका वाटतो. चंद्राकडे पाहिलं की तुझाच चेहरा दिसतो.'

चंद्र! याला घरातला गेलेला बल्ब दिसायचा नाही, आणि चंद्रात मी दिसते! एवढ्याने हसले की मास्तरांनी विचारलं काय झालं. 'काही नाही, घरचं,' म्हटलं.

मग पुन्हा वाचलं. परत एकदा. उलटं काज केलं एका शर्टाला, उसवावं लागलं.

१६ फेब्रुवारी

मी लिहिलं — 'मलाही तुझी आठवण येते.' कसलं सपक! शाळेतल्या निबंधासारखं. पाठवून टाकलं.

त्याचं लगेच — 'तुझ्या आठवणींच्या सावलीत मी दिवसाचं ऊन सोसतो.'

कधी शिकला हा असलं? माणूस एकटा पडला की बोलायला शिकतो का? का आधीपासून होतं आणि मीच इन्स्पेक्टर-इन्स्पेक्टर करून बोलू दिलं नाही?

१९ फेब्रुवारी

खरं ते लिहायचं ठरवलं. चंद्रबिंद्र मला जमायचं नाही. घरात काय आहे तेवढंच लिहिलं.

'तुझा निळा टॉवेल अजून त्याच खुंटीवर आहे. कोपरा जळका. तू गेलास त्या आठवड्यात धुतला, वाळवला आणि परत तिथंच टांगला. घडी घालून कपाटात ठेवला तर तू गेलास असं होईल.'

इस्त्री याने केली होती, मुलाखतीच्या सकाळी. टेबल सापडेना म्हणून टॉवेल अंथरला आणि शर्टाऐवजी टॉवेलच जाळला. 'शर्ट वाचला ना!' म्हणून नाचला होता खोलीभर.

पाठवल्यावर कानशिलं तापली. चार महिन्यांच्या संसारात याला असलं काही बोलले नव्हते. आणि हे एक ऑफिसर वाचणार, बाई मोठ्याने वाचणार. वाचू देत. खरं आहे.

२२ फेब्रुवारी

आणखी लिहिलं. 'रस्त्यात कुणी तुझ्यासारखं चालताना दिसलं की मी चालणं हळू करते. तो पुढे निघून जाईपर्यंत तू इथेच आहेस असं वाटतं.'

हे तर मी मैत्रिणीलाही सांगितलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

आज काहीच आलं नाही. दिवसभर फोन मांडीवर ठेवून बटणं लावली. पुराव्यासाठी चाललेलं नाटक, आणि मी खरोखरची वाट बघते. लाज वाटते हे इथे लिहायलासुद्धा.

२५ फेब्रुवारी

आलं! 'काल तुझ्या विरहात शब्दही रुसले होते.' वेडा कुठला.

२ मार्च

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

घरातल्या वडीलधाऱ्याचा जबाब हवा होता — सून आमच्याकडे नांदते, मुलाशी रोज बोलते, वगैरे. म्हणून सासूबाईंना बाईंकडे घेऊन गेले. जिना चढताना म्हणाल्या, 'जबाबात काय सांगू? चांगलंच सांगते हो तुझं.' मी मेल्याहून मेले.

बाईंना त्यांच्या ओळखपत्राची प्रत हवी होती. मी खाली झेरॉक्सला गेले. दहा मिनिटं, जास्त नाही. वर आले तर बाई फोनवर, आणि सासूबाई बाकड्यावर चष्मा लावून. मांडीवर गठ्ठा. बाईंनी टेबल मोकळं करायचं म्हणून 'जरा धरा' म्हणत दिला होता. आणि सासूबाईंच्या हातात छापील कागद आला की त्या वाचणारच! औषधाच्या डबीतली चिठ्ठीसुद्धा पुरती वाचतात.

मला बघून म्हणाल्या, 'इन्स्पेक्टर म्हणजे मीच ना?'

मी उभीच. हातात ती प्रत.

'बस.' बसले. त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. नाही. बाईंनी हाक मारली तशा उठून आत गेल्या आणि खणखणीत आवाजात जबाब दिला. 'सून चांगली आहे. कामसू आहे. मुलाशी रोज बोलते. मी कान देऊन ऐकलेलं नाही, पण बोलते.' सही केली. पूर्ण नावाची, संथ हाताने.

येताना भाजी घेतली, पिशवी त्यांनीच उचलली.

३ मार्च

सकाळी ओट्यापाशी. मी भांडी विसळत होते, त्या मागे उभ्या.

'साखर मी लपवली नव्हती. मुंग्या लागल्या म्हणून वरच्या फळीवर ठेवली.'

'हो आई.'

'गॅसचं बोलले ते खरं. तू ठेवतेसच मोठा. आणि तुझ्या माहेरच्यांसमोर मी काही बोलले नव्हते. ती माझी बहीण होती. तिचं तोंड तसलंच आहे.'

'हो आई.'

'मेल्यावर मी परत यायची नाही. एकदा पुरे झालं मला हे घर.'

मला रडू फुटलं. साबणाचे हात, डोळेही पुसता येईनात. 'चुकलं माझं' म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. त्यांनी नळ बंद केला — पाणी वाया जात होतं ना! मग म्हणाल्या, 'सुनेने सासूला नावं ठेवायची नाहीत तर कुणी ठेवायची? मीही ठेवली की माझ्या सासूला. फक्त आम्ही ती विहिरीवर ठेवायचो, लिहून नाही ठेवली.'

मी जरा हसले असेन. त्या नाही हसल्या.

'मला दुसरंच लागलं,' म्हणाल्या. 'एवढं सगळं वाचलं. तू त्याला एवढं एवढं सांगतेस, आणि तो हं. माझ्या बाजूने एक शब्द नाही — आई तशी नाही गं, म्हणून. बरं, माझं राहू दे. तुझ्याही बाजूने नाही. तू रडतेस, तो अंगठा दाखवतो. असला कसा मुलगा वाढवला मी?'

मी म्हटलं, 'आता सुधारलाय आई. छान लिहितो हल्ली.' सांगताना सुद्धा लाजले. पंधरा दिवसांत नवरीसारखी झालेय मी, या वयात.

'हो?' म्हणाल्या. आणि खोलीत गेल्या.

५ मार्च

सासूबाई मला डबा भरून देतात आजकाल. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं!

९ मार्च

बाईंकडे चौथा महिना. गोड महिना. मुद्दाम दुपारची वेळ घेतली, बाकड्यावर कुणी नसेल अशी. नव्हतं कुणी.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. श्वास, चंद्र, सावली. मी पदराशी — नाही, ओढणीशी — चाळा करत बरोबर, बरोबर म्हणत होते. माझं टॉवेलचं आलं तेव्हा बाई किंचित थांबल्या, चष्मा वर केला, पुढे वाचलं. मला बरं वाटलं. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

'एक विचारते. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मिस्टरांना हे कुणी लिहून दिलंय का?'

'नाही! का?'

बाईंनी उठून कपाटाचं दार उघडलं, परत बंद केलं. 'दुसऱ्याची फाईल मला दाखवता यायची नाही. पण हा चंद्र, हा श्वास, हे शब्द रुसले-बिसले — गेल्या महिन्यात मी दुसऱ्या दोन फायलींत भाषांतर केलंय. अगदी शब्दाला शब्द. तिकडे कुणीतरी यादीच दिलेली दिसते. मी आहे तसंच करून देईन, ते माझं काम. पण तिकडचा ऑफिसर एकच असतो हो बहुतेक वेळा.'

'असेल, असेल,' म्हटलं. तोंडातल्या तोंडात.

'तुमच्या ओळी मात्र मी कुठे वाचल्या नाहीत,' बाई म्हणाल्या. 'त्यांचं नकली वाटलं तरी तुमचं खरं वाटतं. तुमच्या जिवावर महिना तरून जाईल.'

सगळ्या पानांवर सह्या केल्या. त्याच्याही पानांवर. बरोबर, बरोबर, बरोबर.

१० मार्च

यादी! एजंटच्या यादीतून रोज एक ओळ उचलून पाठवायचा, आणि मी उलटी काजं करत होते. त्या दोन बायकाही करत असतील कुठेतरी. एकाच चंद्रात तिघी!

२४ तारखेला आलं नव्हतं, तेव्हा काय झालं असेल? यादी सापडली नसेल.

११ मार्च

फोन केला. लिहिलं नाही, केला. सरळ विचारलं.

हसला! 'अगं मग काय! सगळेच तसं करतात. मला कुठे येतं असलं. एजंटने एक कागद दिला, खोलीतल्या सगळ्यांनी फोटो काढून घेतला.' म्हणाला, 'तू काय खरं समजलीस की काय?'

'छे! मी कशाला खरं समजू?'

'तेच म्हणतो. बाकी तुझी वाक्यं तर एक नंबर होती. आमच्या एजंटपेक्षा भारी. तुझी कुठून आणलीस?'

सांगायचं होतं. माझी आहेत रे, माझ्या पोटातून आलीत, सांगायचं होतं. पण मग मी कोण झाले असते? यादीतल्या चंद्राला जीव लावून बसलेली बाई! म्हणून म्हटलं, 'इथल्याच एका एजंटने दिली.'

'किती घेतले?'

'ओळखीचा आहे. फुकट दिली.'

'मग बेस्ट!' म्हणाला. आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून ठेवला.

१२ मार्च

मी खोटं का बोलले? वाक्यं त्याची खोटी होती. तोंड मी लपवलं.

१६ मार्च

सासूबाईंनी ओळखलं काहीतरी बिनसलंय. आडून आडून विचारलं, 'हल्ली लिहितो का?' म्हटलं, 'हो, लिहितो की.' याच्याशी बोलले त्या दिवसापासून मी फोन पालथाच ठेवते हे त्यांना दिसतं. डबे तपासणाऱ्या बाईला फोन दिसणार नाही?

मग म्हणाल्या, 'जा तू. मी राहीन एकटी, माझी काळजी नको. समोर असला की पुरुष वेगळा असतो. आणि नसला वेगळा, तर दे एक कानाखाली. माझ्या नावाने दे.'

हसलो दोघी. मग मी मोरीत जाऊन रडले. खरंच समोर असला की वेगळा असेल? होता ना, खोलीभर नाचायचा. चार महिने तरी होता. तेवढ्यावर जाऊ शकते मी. लोक त्याहून कमीवर जातात.

२० मार्च

बाईंचा निरोप. सगळं भाषांतर तयार. फक्त प्रतिज्ञापत्रावर माझी सही राहिली — 'आमचे लग्न खरे असून आम्ही पती-पत्नी म्हणून एकत्र राहू इच्छितो.' सही बाईंसमोरच करायची, त्यांनी वाचून दाखवल्यावर. ती झाली की फाईल जमा.

ठरवलं. तिकडे गेल्यावर त्याला सांगायचं की ओळी माझ्या होत्या. समोरासमोर सांगायचं. त्याचं तोंड बघायचंय मला तेव्हा!

मास्तरांना नोटीस दिली. म्हणाले, 'काजं करायला आता कुणाला घेऊ?' बरं वाटलं.

२७ मार्च

सही करायला गेले. आत कुणीतरी होतं, म्हणून बाकड्यावर बसले. पार्टिशनपलीकडून बाईंचा आवाज — 'तुझा निळा टॉवेल अजून त्याच खुंटीवर आहे. कोपरा जळका.' मला वाटलं माझीच फाईल काढली. तेवढ्यात एक कोवळा आवाज म्हणाला, 'बरोबर.'

बाहेर आली. विशीतली मुलगी, नवं लग्न. शिक्क्यासाठी थांबायचं होतं, माझ्याच शेजारी बसली आणि आपणहून बोलायला लागली. 'मला नाही हो ताई असलं लिहिता येत. मिस्टरांनी पाठवलं, म्हणाले हे उतरवून मलाच परत पाठव. त्यांच्या खोलीत गोदामातले एकजण आहेत, त्यांच्या बायकोला एजंटने फार भारी लिहून दिलंय म्हणे. त्यांनी सगळ्यांना वाटलं. आमच्याकडे निळा टॉवेल नाहीच मुळी! पण वाचताना रडू येतं, नाही?'

'येतं,' म्हटलं.

एजंटचं म्हणून मीच सांगितलं होतं, कबूल. पण टॉवेल तर त्याचा होता! कोपरा त्याने स्वतः जाळला होता. सगळ्यांना वाटताना एकदाही ओळखला नाही? लाज वाटली, पण आज माझी नाही वाटली.

बाईंनी हाक मारली. चेहरा पडलेला होता त्यांचा, प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, पेन पुढे केलं. मी सही न करता उठले.

घरी आले तर सासूबाई दारातच. 'झालं काम?'

'झालं,' म्हटलं.